चारशे सतरा नंबरचं बिस्कीट

मी एकवीस वर्षं बिस्किटं खाल्ली आणि त्याचा पगार घेतला. लग्नकार्यात कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून." याचं कारण साधं आहे. चाखणारा माणूस गिळत नाही. तुकडा तोंडात घ्यायचा, चावायचा, जिभेवरून फिरवायचा आणि समोरच्या कागदी कपात थुंकायचा. दिवसाला वीस-बावीस नमुने व्हायचे. गिळत बसलो असतो तर पॅनेलवरचे आम्ही पाचही जण वर्षभरात कारखान्याच्या दारातून आत मावलो नसतो.

आमचा कारखाना पिरंगुटच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत. वारा आमच्याकडून सुटला की पौडच्या एसटीतले लोक खिडकीतून नाक बाहेर काढायचे. मी लातूरकडची. लग्न होऊन भूगावात आले तेव्हा सोबत होम सायन्सची पदवी आणि मराठवाड्याचं तिखट तोंड एवढंच होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि जीभ चांगली निघाली म्हणून चवीच्या खोलीत बसवलं. आमची आई अखेरपर्यंत शेजारणींना सांगायची, "पोरगी ल्याबमध्ये आहे." बिस्किटं चाखते म्हणायची तिला लाज वाटायची.

त्या खोलीत शाळेतल्या बाकांसारखे पाच कप्पे होते आणि मध्ये फळ्या, म्हणजे शेजाऱ्याचं तोंड बघून कुणी आपलं मत बनवू नये. वर लाल दिवा, म्हणजे बिस्किटाचा रंग कळू नये. शिक्का दिसू नये म्हणून बिस्कीट मोडून तुकडे द्यायचे. प्रत्येक कपावर तीन आकडी नंबर. कुठल्या नंबराखाली काय आहे हे फक्त ताटं लावणाऱ्याला, म्हणजे बहुतेकदा मला, ठाऊक; त्या ताटांना मी स्वतः चाखायला बसत नसे. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाण्यानं चूळ भरायची. पान, तंबाखू, अत्तर, कच्चा कांदा सगळं बंद. एकदा एक मोठे साहेब सकाळी मिसळ हाणून आले आणि सगळ्या नमुन्यांपुढे "फिकं" लिहून गेले. मी त्यांचा कागद त्यांच्यादेखत फाडला. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, पण मिसळ खाऊन पुन्हा आलेही नाहीत.

आणखी एक रीत होती, जी पुढे माझ्याच गळ्याशी आली. प्रत्येक ताटात एक छुपा नमुना असायचा. आमचंच रोजचं गव्हाचं बिस्कीट, निराळ्या नंबराखाली. चाखणारा जागा आहे की पेंगतोय ते त्यावरून कळायचं. घरचंच बिस्कीट ज्याला ओळखता येत नाही, त्याचं बाकीच्यांबद्दलचं मत काय लोणच्याला घालायचंय?

गिऱ्हाइकांच्या तक्रारीही माझ्याकडेच यायच्या. पुण्यातले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी कुरियरनं एक बिस्कीट परत पाठवलं, कापसात गुंडाळून. सोबत पत्र, की आपल्या बिस्किटावर नेहमी अठरा भोकं असतात, यावर सतराच आहेत, तरी खुलासा करावा. मी मोजली. सतराच होती. साच्यातली एक सुई तुटली होती आणि आख्ख्या कारखान्यात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी आभाराचं पत्र लिहिलं आणि भोकं चहा आत शिरायला नसून भाजताना वाफ बाहेर पडायला असतात हेही कळवलं. उलटटपाली उत्तर आलं, "मला माहीत आहे." असं गिऱ्हाईक भेटलं की काम करायला बरं वाटतं.

पण लिहायला बसले ते बबनदादांबद्दल.

बबनदादा भट्टीवर होते. भट्टी म्हणजे आगगाडीच्या दोन डब्यांएवढा लांब बोगदा, त्यातून लोखंडी पट्टा फिरतो, एका टोकाला कच्चं बिस्कीट जातं आणि दुसऱ्या टोकानं भाजलेलं बाहेर येतं. आत किती उष्णता आहे ते दाखवायला काटे असतात. दादा काट्यांकडे बघायचे नाहीत. तोंडाशी उभं राहून एकदा नाक वर करायचे आणि म्हणायचे, "मदल्या भागात जरा जास्ती व्हतंय." काटा तपासला की जास्तच असायचं. कागदावर पॅनेलची प्रमुख मी होते, पण वास कसा घ्यायचा ते मला त्यांनी शिकवलं. "वडून घिऊ नगा, ताई. नुसतं नाक हितं ठिवा. वास आपला आपन येतुया."

त्यांचं गाव मुळशी धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवर. अठ्ठावीस वर्षं ते तिथून कामावर आले. पाळी सुटायच्या आधी पट्ट्यावरून चार गरम बिस्किटं उचलायची आणि चहात बुडवून खायची हा त्यांचा नेम. बुडवायचीही पद्धत होती. मनात तीन म्हणायचं आणि उचलायचं. "बिस्कीट चहात जाया पायजे," ते म्हणायचे, "पन चहाचं व्हाया न्हाई पायजे."

मग त्यांचं पोट बिघडायला लागलं. अंगावरचं मांस उतरलं, रक्त कमी झालं. कावीळ झाली म्हणून झालं, जंत म्हणून झालं, कुणी बाहेरचं बघायलाही सांगितलं. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि म्हणाला, तुम्हाला गहू बाधतो. गव्हात ग्लूटेन असतं. कणीक मळल्यावर जो ताण येतो, पोळी लाटताना फाटत नाही, ते त्याच्यामुळे. काही माणसांची आतडी ते सोसत नाहीत. औषध नाही. गहू जन्मभर बंद, एक कणसुद्धा चालत नाही. भट्टीजवळ तर मैदा हवेत उडतो. दादांना नोकरी सोडावी लागली. शेवटच्या दिवशी ते भट्टीच्या बाहेरच्या तोंडाशी हात मागे बांधून उभे होते. पट्ट्यावरून बिस्किटं येत होती. मला ते बघवेना, मी खोलीत जाऊन उगाच कप मोजत बसले.

त्यांच्या बायकोला, हिरावहिनींना, यात फारसं काही वाटलं नाही. "आमच्यात गहू व्हताच कवा?" त्या म्हणाल्या. "भात हाय, नाचणीची भाकर हाय. गव्हाबिगर मानूस मरत न्हाई." खरंच होतं ते. दादांना पोळीचं काहीच नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता चहातल्या बिस्किटात.

तेव्हा माझ्या कामात एक भर पडली होती. बाजारात बिनगव्हाची बिस्किटं यायला लागली होती आणि ती आणून, चाखून, कशी आहेत ते साहेबांना कळवायचं होतं. मी बावधनच्या, कोथरूडच्या दुकानांतून पुडे आणायचे. दरवेळी एक पुडा जास्तीचा घ्यायचे, न फोडता तसाच ठेवायचे आणि महिन्यातल्या एका रविवारी वडापच्या जीपनं दादांच्या घरी जायचे. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. ओट्यावर चहा व्हायचा आणि आमचं दोघांचं पॅनेल बसायचं.

बिनगव्हाच्या बिस्किटाची अडचण थोडक्यात सांगते. तांदळाचं पीठ कितीही बारीक दळलं तरी दाताखाली रवाळ लागतं. मक्याचं किंवा बटाट्याचं सत्त्व घातलं की तोंड कोरडं पडतं आणि दातांना लेप बसतो. हे झाकायला कारखानदार साखर वाढवतात नाहीतर खोबरं घालतात. आणि धरून ठेवायला आत काही नसल्यामुळे चहात बुडवलं की ते तीन म्हणायच्या आत कपाच्या तळाला जातं. मी हे सगळं कागदावर चार रकान्यांत लिहायचे. दादा एका शब्दात सांगायचे.

"रांगोळी."

"ह्ये औशद हाय, फकस्त गोड केलंय."

"ह्यो लाडू हाय. कुनी तरी वर बसलं वाटतं."

आणि चहात बुडवल्यावर, कपात वाकून बघत, "गेला. हिरे, चमचा आन."

एका पुड्यावर आईबाप आणि दोन पोरं दात काढून हसत असल्याचं चित्र होतं. दादांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यांनी अजून खाल्लं न्हाई वाटतं." दहापैकी दोन, तीन, फार तर चार गुण मिळायचे. सहा वर्षं आम्ही हे केलं. मी प्रत्येक वेळी आशेनं जायचे आणि प्रत्येक वेळी चमच्याला हाक मारली जायची.

मग एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं, की आपण स्वतःच बिनगव्हाचं बिस्कीट काढायचं. मी किती खूश झाले ते सांगता येत नाही. मुळशीतल्या आंबेमोहोराच्या कणीचं पीठ, थोडी नाचणी, असे पाच नमुने प्रयोगशाळेनं केले. मी म्हटलं, हे आम्ही गहू खाणाऱ्यांनी चाखून काय उपयोग? आम्ही त्यात गहूच शोधणार आणि सापडला नाही की नाक मुरडणार. ज्याला खायचंय त्याला बोलवा. साहेब नको म्हणत होते. जोखीम आहे, म्हणाले. मी हट्टाला पेटले. त्या खोलीत माझ्या हातून आजवर एक कप इकडचा तिकडे झाला नव्हता, हा माझा ताठा होता.

दादा आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. भट्टीच्या बाजूला त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही.

मी सगळी काळजी घेतली होती. कोरे कप, ताटं लावायला निराळी खोली, गव्हाचा पुडा फोडायच्या आधीच त्यांचं ताट लावून झाकून ठेवलं होतं. त्यात पाच कप. मग बाकीच्या चौघांची ताटं लावली, त्यांत सहा-सहा, कारण त्यांना छुपा नमुना होता. पाचही ताटं ओळीनं मांडली आणि शेवटची नजर टाकली. एका ताटात एक कप कमी दिसला. इतक्या वर्षांची सवय. हातानं डोक्याला विचारलं नाही. मी सहावा कप भरला, मधल्या रिकाम्या जागेत ठेवला, आणि मला अगदी आठवतं, वेळेवर लक्षात आलं म्हणून स्वतःवर खूशही झाले. त्या कपावर नंबर होता चारशे सतरा.

मी खिडकीतून बघत होते. दादांनी पहिले तीन नमुने रीतसर चाखले, थुंकले, चूळ भरली, गुण लिहिले. चौथ्या कपातला तुकडा त्यांनी नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. मला वाटलं, काय मन लावून काम करतात. शेजारच्या कप्प्यातल्या पोरींना दाखवावं, असंही वाटलं. मग तो तुकडा त्यांनी खाल्ला. त्याच कपातला दुसराही खाल्ला. चूळ भरली नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठले.

"दादा, दोन राहिले," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या, ताई," ते म्हणाले आणि गेले.

दुपारी जेवून मी नंबर उलगडायला बसले. दादांचा कागद वर होता. पहिल्या तिन्हीला चार, तीन, पाच. चारशे सतराला दहा, आणि शेऱ्याच्या जागी एकच शब्द, "ह्येच." आनंदानं मी किल्लीचा, म्हणजे कुठल्या नंबराखाली काय ते लिहिलेला, कागद काढला, यात काय काय घातलंय बघायला. चारशे सतरासमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, छुपा नमुना, गहू. मी लगेच फोन लावला.

फोन लागेना. धरणापलीकडे तेव्हा रेंज नसायचीच. मी जीप पकडून गेले. दादा ओट्यावर अंगाची मुटकुळी करून पडले होते. मी हिरावहिनींच्या समोर सगळं सांगितलं, माझ्या हातानं गहू दिला म्हणून. वहिनी आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चूक व्हतीया मानसाकडनं. जावा तुमी घरला."

ते पंधरा दिवस झोपून होते. मी साहेबांना लेखी कळवलं, काही लपवलं नाही. मला त्यांनी एका शब्दानं दुखावलं नाही, पण बैठकीत असं ठरलं, की बिनगव्हाचं करायचं तर निराळी इमारतच हवी, ते आपल्याला झेपणारं नाही. पाचही नमुने बंद झाले. त्यांतला एक, आंबेमोहोराचा, खरोखर चांगला होता. दादांनी तो चाखलाच नाही. न चाखता राहिलेल्या दोन कपांतला एक त्याचाच होता.

मी ताटं लावणं सोडलं. रविवारी जाणंही सोडलं. कुठल्या तोंडानं जाणार? दुकानात बिनगव्हाच्या पुड्यांची फळी दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जायचे. असे तीन-चार महिने गेले. मग एक दिवस गेटवरून निरोप आला, की एक म्हातारा भेटायला आलाय, आत यायला नको म्हणतो.

बबनदादा गेटबाहेरच्या वडाखाली उभे होते. तब्येत सुधारली होती.

"बिस्किटं आनली न्हाईत तुमी," ते म्हणाले.

"माझ्या हातचं खायची हिंमत आहे तुमची?"

ते रस्त्यावरच्या ट्रककडे बघत म्हणाले, "ताई, तुमी त्यो कप ठिवला तितं तुमची चूक संपली. म्होरलं माजं हाय."

मला कळेना.

"नाकाला लावला तवाच वळखला. माजीच भट्टी की ती. अठ्ठावीस वर्सं."

"दादा, समोर थुंकायचा कप होता."

"व्हता."

"मग?"

"सा वर्सं झाली व्हती, ताई," ते म्हणाले.

मला आधी राग आला. चार महिने मी अन्न गोड लागू दिलं नव्हतं, आणि हा माणूस सगळं माहीत असून भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी तोंडात येईल ते बोलले, लातूरचं सगळं बाहेर काढलं. त्यांनी ऐकून घेतलं. "हिरीला सांगू नगा," एवढंच म्हणाले. मग मी तिथेच वडाखाली उभी राहून रडले, आणि पुढच्या रविवारी पुडा घेऊन गेले.

आता मला निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. कारखान्यावरून जाते तेव्हा वास येत नाही, नवी यंत्रं धूर गाळून सोडतात. तो वास मला फार हवासा वाटतो. आणखी एक गोष्ट या नोकरीत माझी कायमची गेली, ती म्हणजे नुसतं खाणं. बिस्कीट हातात घेतलं की मी आधी मोडून त्याचा आवाज ऐकते, कड बघते, मनात रकाने भरते. इतकी बिस्किटं चाखली, पण दादांनी ते चारशे सतरा जसं खाल्लं तसं एकही मी खाल्लेलं नाही. त्यांचा मला हेवा वाटतो, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

हे सगळं छापू का, असं दादांना विचारलं. "छापा," म्हणाले. "हिरीला म्या मागंच सांगितलं. चार दीस बोलली न्हाई. पाचव्या दिशी भांडली, मग झालं."

मागच्या महिन्यात भूगावातल्या एका दुकानात नवा पुडा मिळाला. तांदूळ, नाचणी, गूळ. पुड्यावर कुणी हसत नव्हतं, तिथेच मला तो बरा वाटला. रविवारी ओट्यावर बसलो. वहिनींनी चहा आणला आणि सवयीनं चमचाही. दादांनी बिस्कीट बुडवलं. मी मनात म्हणाले, एक, दोन, तीन. त्यांनी उचललं. आख्खं वर आलं, खालची कड भिजून गडद झालेली, थेंब गळतोय. वहिनी दाराशी थबकल्या. दादांनी खाल्लं. दुसरं बुडवलं, या वेळी मुद्दाम चार म्हणेपर्यंत धरलं. तेही वर आलं.

मी पिशवीतून कागद काढला. अजून छापलेले कागद आहेत माझ्याकडे.

"बोला, किती?"

दादा तिसरं बिस्कीट हातात घेऊन बसले होते. "सात," म्हणाले.

"सात? अहो, चमचा लागला नाही. रवाळ नाही, दाताला चिकटत नाही. इतकी वर्षं वणवण केली आपण याच्यासाठी. ह्याला दहा द्यायला काय होतं?"

दादांनी मान हलवली. "लई चांगला हाय. रोज खाईन म्या," ते म्हणाले. "पन दहा देऊन झाल्यात, ताई."

मी सात लिहिले.